मसलतीचे भांडवल

वडिलांच्या पश्चात ज्या दिवशी आम्ही छापखान्याच्या गल्ल्यावर बसलो, त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक एकच आले. सल्ला देणारे मात्र सात जण येऊन गेले. गिऱ्हाइकाला पावत्यांचे एक पुस्तक हवे होते, आणि तेही उधार. त्या सात जणांना कसलीच अपेक्षा नव्हती. ते केवळ आमच्या हितासाठी आले होते. कोणी म्हणाले, छापखाना विकून टाका; कोणी म्हणाले, दुप्पट वाढवा. एका गृहस्थांनी जागा मोठी मोक्याची असून येथे मिठाईचे दुकान उत्तम चालेल असे सांगितले. आणि आपला एक भाचा मिठाईच्या दुकानासाठी जागा पाहत आहे, हेही जिना उतरता उतरता सहज म्हणून सांगून ठेवले.

त्या दिवसापासून एका प्रश्नाने आमची पाठ धरली आहे. लहान धंदा करणाऱ्या माणसाने विश्वासाने विचारावे तरी कोणाला? मोठ्या कारखानदारांची गोष्ट निराळी. वकील, हिशेबतपासनीस आणि तज्ज्ञ ते पदरी बाळगून असतात. एकाचा सल्ला चुकला तर दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेता येतो, आणि दोघांचाही चुकला तर नुकसान भागधारकांत वाटले जाते. दोन यंत्रे, चार माणसे आणि एक राहते घर एवढाच ज्याचा पसारा, त्याला बुडण्यास एक वाईट सल्लाही पुरतो.

आमची अडचण काहीशी जातीवंत होती. इंदुरात आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीसाठी आले. आजोबा सरकारी दफ्तरात कारकून होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा राज्य बदलले पण आजोबांचे टेबल बदलले नाही. बढती कशी मिळवावी, बदली कशी टाळावी, निवृत्तिवेतनाचा अर्ज कसा लिहावा, हे सांगणारे जाणकार आमच्या नात्यागोत्यात पैशाला पासरी होते. पण कागदाचा भाव चढत असता रिमे घेऊन ठेवावीत की थांबावे, उधारी कोठवर ताणू द्यावी, कारागिराला उचल द्यावी की पगार वाढवावा, असले काही विचारले की सारी बैठक गप्प होई. सियागंजातल्या व्यापाऱ्याच्या घरी हे ज्ञान जेवणाच्या ताटाबरोबर वाढले जाते. तिथले पोर पाढ्यांच्या आधी व्याज ऐकते. आमच्याकडे पोर बोलू लागले की रामरक्षा आणि लिहू लागले की व्याकरण. वडिलांनी १९६४ साली मास्तरकी सोडून एक जुने ट्रेडल यंत्र घेतले, तेव्हा मास्तरांना ही काय बुद्धी सुचली म्हणून नात्यात कित्येक वर्षे हळहळ चालली होती. वडील यंत्राबरोबर आम्हांला खिळे, केस आणि काही जुनी गिऱ्हाइके देऊन गेले. ज्याला धंद्यातले काही विचारावे असा माणूस तेवढा त्यांना देता आला नाही, कारण तो त्यांच्याजवळही नव्हता.

ही उणीव पहिल्यांदा बोचली ती २०१७ साली. त्या वर्षी १ जुलैपासून देशभर वस्तू आणि सेवा कर लागू झाला. छापखानेवाल्यांना आरंभी ही पर्वणीच वाटली. प्रत्येक दुकानदाराला पंधरा अंकाक्षरांच्या नव्या क्रमांकासह नवी बिलबुके हवी होती. रात्री दहापर्यंत यंत्र चाले. दुसऱ्यांची बिले छापण्यात आम्ही इतके गढून गेलो की आपले स्वतःचे बिल कसे करावयाचे, हा प्रश्न महिनाभर सुचलाच नाही. सुचला तेव्हा मात्र झोप उडाली. कर वस्तूवर निराळ्या रीतीने आणि सेवेवर निराळ्या रीतीने लागावयाचा. मग आम्ही जे करतो ते काय आहे? गिऱ्हाइकाचा मजकूर आमच्या कागदावर आमच्या शाईने छापून दिला, तर आम्ही कागद विकला की छपाई केली?

आम्ही तीन जाणत्यांना विचारले आणि तिघांनीही क्षणभरही न थांबता उत्तर दिले. एक म्हणाले, वस्तू. दुसरे म्हणाले, सेवा. तिसऱ्यांनी हा वादच निरर्थक ठरवून आम्हांला कंपोझिशन योजनेत शिरण्यास सांगितले. उलाढालीवर ठोक कर भरावा आणि निश्चिंत व्हावे, असा त्यांचा सोपा मार्ग होता. कंपोझिशन हा शब्द आम्ही आजवर खिळे जुळवण्यापुरताच ऐकला होता. आपल्याच धंद्यातला शब्द करात आलेला पाहून आम्हांला काहीसा आपलेपणाही वाटला, आणि आम्ही अर्ज भरावयास जवळजवळ बसलोच.

अर्ज थांबवला तो एका अगदी तरुण हिशेबनीस मुलीने. रामबागेत एका लहानशा खोलीत तिने नुकतेच काम सुरू केले होते. आमचे म्हणणे ऐकून ती म्हणाली, "काका, तुमची छपाई सेवा ठरेल की वस्तू, हे मला आज ठाऊक नाही. पण सेवा ठरली तर कंपोझिशन योजना तुम्हांला चालणार नाही, एवढे ठाऊक आहे. खुलासा येईपर्यंत अर्ज करू नका. पुस्तके आणि पाकिटे यांचा हिशेब वेगवेगळा लिहून ठेवा." त्या वेळच्या नियमाप्रमाणे उपाहारगृहे सोडून इतर सेवा देणाऱ्यांना ती योजना खरोखरच बंद होती. "मला ठाऊक नाही" हे शब्द ऐकून आम्ही तेव्हा किंचित निराशच झालो. या उत्तरासाठी का आपण दोन जिने चढलो, असे वाटले.

खुलासा आला तो २० ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने, आणि त्यात तिन्ही जाणत्यांना आपापला वाटा मिळाला. गिऱ्हाइकाचा मजकूर घेऊन आमच्या कागदावर पुस्तक किंवा माहितीपत्रक छापले तर ती मुख्यतः सेवा. त्याच यंत्रावर, त्याच शाईने, त्याच कारागिराने गिऱ्हाइकाचे बोधचिन्ह घालून पाकीट छापले तर ती वस्तू. म्हणजे सकाळी आम्ही सेवक असतो आणि दुपारी व्यापारी होतो. हसू यावे अशीच ही गंमत आहे; पण त्या योजनेत आम्ही आधीच शिरलो असतो तर आमच्या वाट्याला तेवढे हसू आले नसते. जिने आपले ज्ञान कोठे संपते ते स्वच्छ सांगितले, तिच्याच शब्दावर उभे राहता आले. बाकीच्या तिघांचे ज्ञान कोठे संपते आणि आत्मविश्वास कोठे सुरू होतो, ती रेषाच दिसत नव्हती.

इतका धडा मिळाल्यावर आम्ही शहाणे झालो असू, असे वाचकांस वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले होते. पुढच्याच वर्षी दिवाळीनंतर एक यंत्रविक्रेता आमच्या दारात उभा राहिला. चार रंग एकाच फेरीत छापणारे ऑफसेट यंत्र, परदेशात काही वर्षे चाललेले, इथे रंगरंगोटी करून उभे केलेले. आमचे यंत्र एका वेळी एकच रंग छापी; चार रंगांच्या लग्नपत्रिकेसाठी कागद चारदा आत घालावा लागे. विक्रेत्याने चकचकीत पत्रके पसरली. शहरातल्या तीन छापखान्यांनी हे यंत्र घेतल्याचे सांगितले आणि जाताना, "आता जो थांबला तो संपला," असे एक वाक्य टेबलावर ठेवून गेला. त्या वाक्याने पुढे दोन महिने आमची झोप खाल्ली.

कर्ज २५ लाखांचे व्हावयाचे होते. मुदत पाच वर्षे, व्याज दरसाल ११ टक्के, आणि तारण राहते घर. आम्ही रीतसर मसलत आरंभिली. पुण्याचे मेहुणे म्हणाले, "मराठी माणूस धंद्यात मागे का, तर धाडस नाही म्हणून." ते स्वतः एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. आमच्या जुन्या हिशेबतपासनिसांनी यंत्रावर दरसाल १५ टक्के घसारा मिळेल आणि कर वाचेल, असे दाखवून दिले. ते खरेच होते. परंतु कर वाचण्यासाठी आधी नफा व्हावा लागतो, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी घराची कागदपत्रे उलटसुलट तपासून कर्ज मिळण्यास हरकत नाही असे म्हटले, आणि आम्ही आनंदाने घरी पेढे घेऊन गेलो.

त्या पेढ्यांची आम्हांला आज लाज वाटते. बँकेने होकार दिला तो घराला. छापखाना चालेल असे तिने कोठेच म्हटले नव्हते. धंदा चालला तर हप्ते येतील, न चालला तर घर येईल, असा तिचा हिशेब दोन्हीकडून पक्का होता. आपल्या बुडण्यातही ज्याचे येणे सुरक्षित आहे, त्याच्या होकाराला आम्ही मसलत समजलो. बँकेने आम्हांला फसवले असे नाही. तिने आपला प्रश्न सोडवला. तोच आमचाही प्रश्न आहे, असा समज आमचा होता.

पुस्तकेही आम्ही वाचली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ केला, लोखंडी नांगराने जमिनीत विष पसरते या शेतकऱ्यांच्या समजुतीला ते पुरून उरले, आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. हे वाचून यंत्र घेण्यावाचून गत्यंतर नाही, असेच आम्हांला वाटू लागले. लक्ष्मणरावांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याचे काम केले होते आणि यंत्र त्यांच्या हाताला कळत होते, ही गोष्टही त्याच चरित्रात होती. पण धैर्याची पाने आम्ही दोनदा वाचली आणि अभ्यासाची उलटली. शिवाय अशा वाचनात एक खोड आहे. जो तरला त्याचे चरित्र निघते. ज्याचे दुकान बुडाले त्याचे आत्मवृत्त कोणी छापत नाही; इतक्या वर्षांत आमच्या छापखान्यात तसले हस्तलिखित एकही आलेले नाही.

अशा स्थितीत जानेवारी २०१९ मध्ये आमच्या जुन्या यंत्राचा एक रूळ बिघडला आणि तो दुरुस्त करण्यास उस्ताद आले. वडिलांच्या वेळेपासून आमची यंत्रे पाहणारे हे मिस्त्री. अक्षरओळख बेताची, पण यंत्राच्या आवाजावरून कोणत्या दात्याची झीज झाली आहे ते दुसऱ्या खोलीतून सांगणारे. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "उस्ताद, नई मशीन ले रहे हैं. बिठाने आपको ही आना है."

उस्ताद चिंधीने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "अच्छा है, भैया. ये वाली दिन में कितने घंटे चलती है?"

"दिनभर चलती है."

"दिनभर मतलब कितने घंटे?"

आम्ही गप्प झालो. कागदाचा भाव, शाईचा भाव, कारागिराचा पगार, सारे आम्हांला पाठ होते. आपले यंत्र दिवसातून किती तास चालते, हे मात्र ठाऊक नव्हते. यंत्र सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी बंद होई. मधला सारा वेळ ते चालतच असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. उस्ताद म्हणाले, "एक महीना लिख के देखो. कब चली, कब रुकी, क्यों रुकी. फिर बात करेंगे." आणि आपली मजुरी घेऊन निघून गेले.

वास्तविक नवे यंत्र उभे करण्याचे काम त्यांच्याकडेच यावयाचे होते, आणि त्याची मजुरी रूळ दुरुस्तीच्या कितीतरी पट झाली असती. एका प्रश्नाने त्यांनी ती बाजूला सारली. इतक्या जणांत हा एकच माणूस असा निघाला की ज्याने सांगण्याआधी विचारले, आणि विचारताना स्वतःच्या मिळकतीकडे पाहिले नाही.

आम्ही आमच्याच छापखान्यातली एक कोरी वही घेतली आणि यंत्रापाशी दोरीने टांगली. पहिले आठ दिवस कारागिरांना वाटले की मालकांना त्यांचा संशय आला आहे. त्यांची समजूत घालावी लागली. महिना संपला तेव्हा बेरीज केली. कामाचे दिवस २५. यंत्र प्रत्यक्ष चालले ९२ तास. म्हणजे दिवसाला सरासरी पावणेचार तासही नाही. आणि हा महिना ऐन लग्नसराईचा! उरलेला वेळ कोठे गेला, तेही वहीत होते. सर्वांत मोठी गळती मुद्रितांची. तपासण्यासाठी दिलेले प्रूफ गिऱ्हाईक दोन दोन दिवस परत आणीत नसे आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून यंत्र उभे राही. दुसरी गळती रंगबदलाची: सकाळी लाल, मग निळा, मग पुन्हा लाल, आणि दर वेळी रूळ धुण्यात पाऊण तास. तिसरी कागदाची, हाती रोकड नसल्यामुळे रिमे वेळेवर येत नसत.

मग दुसरी बेरीज मांडली. २५ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५४,४०० रुपये येत होता. पंचवीस दिवसांनी भागले तर कागदाला हात लावण्यापूर्वीच रोजचे २,१७६ रुपये. जे यंत्र पावणेचार तासही चालत नाही, त्याच्या शेजारी चौपट वेगाचे यंत्र आणून ठेवले असते तर ते दिवसातून तासभर चालले असते आणि उरलेला वेळ आमच्या घराकडे पाहत उभे राहिले असते.

ही वही घेऊन आम्ही पोलोग्राउंडवरच्या सरकारी लघुउद्योग कार्यालयात गेलो. लहान धंदेवाल्याला भांडवलाइतकीच मसलतीची गरज असते, ही गोष्ट सरकारला फार पूर्वी उमगली होती. लघुउद्योगांसाठी केंद्रात विकास आयुक्ताचे पद १९५४ साली निर्माण झाले, हप्त्यांवर यंत्रे देणारे राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ १९५५ साली निघाले, आणि पुढे गावोगाव सेवासंस्था उभ्या राहिल्या. त्या फाटकावरून आम्ही वर्षानुवर्षे कागदाच्या गोदामाकडे जात होतो; आत पाऊल म्हणून टाकले नव्हते. फुकट मिळते ते कामाचे नसणार, अशी आमची समजूत. आतल्या गृहस्थांनी वही पाहिली, आणि तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या पतहमी योजनेविषयी आमच्या मनात घर करून बसलेला एक गैरसमज दूर केला. २००० सालापासून चाललेल्या या योजनेतली हमी बँकेसाठी असते. कर्ज थकले तर बँकेला तिचा वाटा भरून मिळतो; ऋणकऱ्याचे देणे त्यामुळे माफ होत नाही. आम्ही मात्र हमी या शब्दाचा अर्थ आजवर स्वतःला सोयीचा तेवढा लावीत आलो होतो.

परत येताना रस्त्यात एक गोष्ट लख्ख दिसली, आणि ती दुसऱ्या कोणाविषयी नव्हती. दोन महिने आम्ही दारोदार हिंडलो ते सल्ल्यासाठी हिंडलो नव्हतो. आम्हांला संमती हवी होती. यंत्र घ्यावयाचे हे विक्रेता पायरी उतरण्याआधीच मनात ठरले होते. जो 'घ्या' म्हणाला तो आम्हांला जाणता वाटला. शेजारच्या छापखान्याचे मालक 'जरा जपून' म्हणाले, तेव्हा स्पर्धेपोटी बोलत आहेत असे वाटले. लोकांनी दिलेली उत्तरे खोटी असतीलही, पण आधी आमचा प्रश्नच खोटा होता. ज्याने वैद्यापासून दुखणे लपवले त्याने औषधाला नावे ठेवू नयेत.

त्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी पाट मांडता मांडता विचारले, "मग घराची कागदपत्रे परत ट्रंकेत ठेवू ना?" दोन महिन्यांत त्यांनी या व्यवहाराविषयी काढलेले हे पहिलेच वाक्य. आम्ही मान डोलावली. आम्ही एवढ्यांना विचारले. ज्यांचे घर गहाण पडणार होते त्यांना विचारले नव्हते, हेही त्याच वेळी ध्यानात आले.

पुढे आम्ही नवे काहीच घेतले नाही. बिलावर एक ओळ छापली: प्रूफ चोवीस तासांत परत न आल्यास काम पुढच्या फेरीत जाईल. लाल शाईची कामे एका दिवशी, निळ्याची दुसऱ्या दिवशी, अशी वाटणी केली. पुढच्या दिवाळीपर्यंत यंत्र दिवसाला साडेपाच तास चालू लागले. खर्च एका वहीचा.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. २६ एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्ताच्या पत्रिका आमच्या फळ्यांवर बांधून तयार होत्या; त्या तशाच रद्दीत गेल्या. बँकांनी हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हते. त्या दिवसांत रोज एकदा तरी मनात येई की यंत्र घेतले असते तर घर गेले असते. आमचे एक स्नेही तर उस्तादांना त्रिकालज्ञानी ठरवून मोकळे झाले. आम्हांला ते पटत नाही. महामारी येणार हे उस्तादांना ठाऊक नव्हते, आणि ती आली नसती तरी त्यांचा सल्ला तितकाच खरा होता, कारण तो वहीतल्या ९२ तासांवर उभा होता. निकाल पाहून सल्ल्याची किंमत ठरवणे ही धंद्यातली मोठी फसगत. सोडतीचे तिकीट घ्या म्हणणाऱ्याचे एखादे तिकीट लागते, म्हणून काही तो शहाणा ठरत नाही.

याचा अर्थ ज्याचा स्वार्थ नाही त्याचेच ऐकावे, असाही आमचा आग्रह नाही. स्वार्थ उघड्यावर ठेवणाऱ्याचा सल्लाही पुष्कळदा सोन्यासारखा असतो. आमचे कागदवाले शेठजी आरंभीच सांगतात, "मैं तो बेचने बैठा हूँ, भैया, मेरी बात आधी मानना." टाळेबंदीनंतर एका संस्थेकडे आमचे बिल सात महिने अडकले होते. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. हे वाचून आम्ही तक्रारीचा मसुदाच लिहून काढला. शेठजी म्हणाले, "कानून आपके साथ है. अगले साल का ऑर्डर किसके साथ है, वो भी सोच लो." तक्रार करू नका असे ते म्हणाले नाहीत. आम्ही मसुदा खणात ठेवला, उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि कायद्याचे कलम बिलाच्या तळाशी छापले, आणि एक सौम्य पत्र धाडले. पैसे तीन हप्त्यांत आले आणि गिऱ्हाईकही टिकले. २०२३-२४ च्या हिशेबापासून तर आयकराच्या कायद्यातही तजवीज झाली: लहान उद्योगाचे देणे मुदतीत चुकते न केल्यास देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. कायदा वकिलाला कळतो आणि बाजार शेठजींना. लहान धंदेवाल्याला दोघांकडेही जावे लागते, आणि दोन्ही उत्तरांची सांगड मात्र एकट्यानेच घालावी लागते.

गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी आमच्याकडे आली. तिला फलक आणि पत्रिका छापण्याचे लहानसे दुकान काढावयाचे आहे. "काका, यंत्र नवे घेऊ की जुने? दुकान राजवाड्याकडे बघू की कॉलेजांच्या बाजूला?" आम्हांला विलक्षण आनंद झाला. या धंद्यात आमचे केस पांढरे झाले होते आणि अखेर कोणी विचारावयास आले होते. अर्धा घटका आम्ही अस्खलित बोललो. बोलता बोलता एकदम कानावर आपलाच आवाज पडला, आणि तो त्या पहिल्या दिवशीच्या सात जणांपैकी एकाचा वाटला. फलकांची छपाई आम्ही आयुष्यात कधी केलेली नाही.

आम्ही थांबलो. त्या यंत्रातले आपल्याला काही कळत नाही, हे तिला सांगितले; सांगताना जीभ जडच झाली. मग विचारले, "महिन्याला किती फलक मिळतील याचा अंदाज तुला कशावरून आहे?" ती गप्प झाली, आणि ती शांतता आमच्या ओळखीची होती. फळीवरची एक कोरी वही काढून आम्ही तिला दिली. म्हणालो, "महिनाभर दोन्ही ठिकाणी रोज तासभर उभी राहा आणि कोणत्या दुकानात किती गिऱ्हाइके शिरतात ते लिही. मग बोलू."

वही घेताना तिच्या चेहऱ्यावर किंचित निराशा उमटली. रामबागेतल्या त्या खोलीचे दोन जिने उतरताना आमच्या चेहऱ्यावर तीच उमटली असेल. अजून ती परत आलेली नाही. कदाचित वही भरत असेल. कदाचित दुसऱ्या कोणी तिला झटपट उत्तर दिले असेल आणि तिने दुकान घेतलेही असेल. दाराशी पाऊल वाजले की आम्ही मान वर करून पाहतो, एवढे मात्र खरे.